हेर्त्सोगचं कुवेत

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी (आमच्याकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी) 'वेर्नर हेर्त्सोग : रॅडिकल ड्रीमर' हा माहितीपट पाहिला. थोमास फॉन श्टाइनेकर या जर्मन दिग्दर्शकाने तो २०२२ मध्ये केला. हेर्त्सोग तेव्हा ऐंशीचा होता. विम वेंडर्स आणि फोल्कर श्लोंडॉर्फ हे त्याच्या पिढीतले दिग्दर्शक त्यात बोलतात, शिवाय निकोल किडमन, ख्रिश्चन बेल वगैरे हॉलिवूडची मंडळीही. माहितीपट चांगला आहे, पण त्याच्यावर परीक्षण लिहायला बसलेलो नाही. तो पाहून मला हेर्त्सोगचा एक जुना चित्रपट पुन्हा काढावासा वाटला, कारण तो चित्रपट मी राहतो तिथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर चित्रित झालेला आहे. तो पुन्हा पाहताना माझी जी पंचाईत झाली, ती सांगायची आहे.

आधी या माणसाबद्दल थोडं. हेर्त्सोगचा जन्म १९४२ चा, म्युनिकमधला. तो काही दिवसांचा असतानाच शेजारच्या घरावर बॉम्ब पडला आणि आई पोरांना घेऊन ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या झाखरांग नावाच्या डोंगरी खेड्यात गेली. घरात नळ नाही, खाण्याचे हाल, सिनेमा असा काही प्रकार असतो हेही अकराव्या वर्षापर्यंत माहीत नाही. आयुष्यातला पहिला फोन त्याने सतराव्या वर्षी केला. पुढे चित्रपट काढायला पैसे हवेत म्हणून शाळेत असतानाच रात्रपाळीला पोलादाच्या कारखान्यात वेल्डिंग केलं, आणि कॅमेरा हवा म्हणून म्युनिकच्या एका संस्थेतून चक्क उचलून आणला. ती चोरी नव्हतीच, माझा त्यावर हक्क होता, असं तो आजही म्हणतो. पेरूच्या जंगलात अख्खी आगबोट डोंगरावरून ओढून नेणारा तो हाच. ती बोट ओढण्यावरही लेस ब्लँकचा 'बर्डन ऑफ ड्रीम्स' हा १९८२ चा माहितीपट आहे. हेर्त्सोगच्या चित्रपटांपेक्षा हेर्त्सोगवरचे चित्रपट जास्त पाहिलेली माणसं मला भेटली आहेत!

त्याच्या लहानपणच्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत, म्हणून इथेच सांगतो.

पहिली गोष्ट १९४५ ची. युद्ध संपत आलं होतं. एका रात्री आईने त्याला आणि भावाला झोपेतून उठवून, पांघरुणात गुंडाळून बाहेर नेलं. दरीच्या टोकाला सगळं आकाश लाल-नारिंगी झालं होतं. दूरवर रोझेनहाइम शहर जळत होतं. आई म्हणाली, बघून ठेवा. दरीपलीकडे एक जग आहे हे आपल्याला त्या रात्री कळलं, असं हेर्त्सोगने बऱ्याच मुलाखतींत सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट त्याने पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाची. फिरता प्रोजेक्टर घेऊन एक माणूस खेड्यातल्या शाळेत आला आणि त्याने एस्किमो इग्लू कसं बांधतात ते दाखवलं. अकरा वर्षांच्या वेर्नरला तो मुळीच आवडला नाही. तो बर्फातच वाढलेला. पडद्यावरच्या लोकांना बर्फ हाताळताच येत नाही, हे भाडोत्री लोक आहेत, हे त्याने ताबडतोब ओळखलं.

आता कुवेतकडे येतो. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मी तेव्हा काही महिन्यांचा होतो, त्यामुळे हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातलं आणि ऐकीव. आपल्याकडे त्या आक्रमणाची आठवण म्हणजे मुख्यतः भारतीयांची सुटका. कुवेतमध्ये तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यातले बहुतेक इराकमार्गे बसने आणि ट्रकने जॉर्डनच्या सीमेवर पोचले, वाळवंटातल्या तंबूंत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात ४८८ उड्डाणं झाली आणि एक लाखाहून जास्त माणसं आली. त्यावर २०१६ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, तो सगळ्यांनी पाहिला आहे.

माणसं निघून गेल्यावर काय झालं, ते आपल्याकडे कमी माहीत आहे. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, माघार अटळ दिसू लागल्यावर, इराकी सैन्याने कुवेतच्या तेलविहिरींची तोंडं स्फोटकांनी उडवून दिली. सातशेहून अधिक विहिरींचं नुकसान झालं आणि त्यातल्या सहाशेहून अधिक पेटल्या. काही पेटल्या नाहीत, नुसत्याच कारंज्यासारख्या उडत राहिल्या आणि वाळवंटात तेलाची तळी साठली. रोज चाळीस ते साठ लाख बॅरल तेल जळत किंवा वाहत होतं, असे अंदाज आहेत. भर दुपारी दिवे लावून गाड्या चालवाव्या लागत. कार्ल सेगनसारख्या शास्त्रज्ञाने तर हा धूर वातावरणात इतका वर जाईल की दक्षिण आशियातली शेती धोक्यात येईल असा इशारा दिला होता. तसं झालं नाही. धूर फार उंच चढलाच नाही, खालीच पसरला आणि धुवून गेला. आपला अंदाज चुकला हे सेगनने पुढे स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं. (संशोधनाच्या धंद्यात हे किती दुर्मिळ आहे, ते धंद्यातल्यांनाच माहीत.)

आगी विझवायला काही वर्षं लागतील असं सुरुवातीला बोललं जात होतं. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी, बर्गानच्या तेलक्षेत्रात, अमीर शेख जाबेर यांच्या हस्ते समारंभाने बंद झाली. म्हणजे सगळं मिळून आठ-नऊ महिने.

या आगी जळत असताना हेर्त्सोग इथे आला. पॉल बेरिफ नावाचा ब्रिटिश कॅमेरामन त्याच्यासोबत होता, आणि हेलिकॉप्टरमधून चित्रण सायमन वेरीने केलं. त्यातून १९९२ मध्ये जो सुमारे पन्नास मिनिटांचा चित्रपट निघाला त्याचं जर्मन नाव 'लेक्त्सिओनेन इन फिन्स्टरनिस', म्हणजे 'अंधाराचे धडे'. इंग्रजीत 'लेसन्स ऑफ डार्कनेस'.

मी तो पहिल्यांदा पाहिला आखेनला. पीएचडीचं दुसरं की तिसरं वर्ष होतं आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म क्लबमध्ये बुधवारी रात्री जुने चित्रपट दाखवत. बाहेर पाऊस, आत पंधरा-वीस माणसं, आणि पडद्यावर एका परग्रहासारख्या मुलुखात आगीचे खांब. चित्रपटाला तेरा प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाला मथळा. सुरुवातीला पास्कल या तत्त्वज्ञाच्या नावाने एक भारदस्त वाक्य येतं. ते पास्कलचं नाहीच, हेर्त्सोगने स्वतः रचलेलं आहे, आणि तो ते लपवतही नाही. पास्कललाही याहून चांगलं जमलं नसतं, असंच वर म्हणतो! मग वॅग्नर, माहलर, व्हर्डी यांचं संगीत, आणि हेलिकॉप्टर तेलाच्या तळ्यांवरून संथपणे सरकत राहतं. ती तळी आधी पाण्याचीच वाटतात, कारण त्यांत आकाशाचं प्रतिबिंब आहे. हे पाण्यासारखं दिसतंय पण तेल आहे, असं हेर्त्सोगचा शांत आवाज सांगतो. युद्ध एका मिनिटात संपतं, त्या वेळी टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलेली ती हिरवट रात्रीची बॉम्बफेक, तेवढीच. कुवेत हे नाव कुठेही नाही. इराक नाही, सद्दाम नाही, अमेरिका नाही, सालसुद्धा नाही. आपल्या सूर्यमालेतला कुठलातरी ग्रह आणि तिथे काहीतरी झालं आहे, एवढंच.

मी थक्क होऊन बाहेर पडलो. त्यातल्या एका प्रसंगाने तर मला अक्षरशः पछाडलं. शेवटाकडे एक विझवलेली विहीर दिसते, तेल नुसतंच उसळतं आहे. दोन माणसं जळता पलिता घेऊन तिच्याकडे जातात आणि ती पुन्हा पेटवून देतात. हेर्त्सोग विचारतो, हे काय करताहेत? यांना आगीशिवाय जगणं असह्य झालं आहे का? मग इतरांनाही ते वेड लागतं, आणि विझवायला पुन्हा काहीतरी मिळाल्यामुळे आता ते समाधानी आहेत, असं तो म्हणतो. पुढची दोन-तीन वर्षं मी हा किस्सा प्रत्येक पार्टीत सांगितला. आग विझवणाऱ्यांनाच आगीचं व्यसन लागलं, माणूस हा प्राणीच असा! ऐकणारे माना डोलवत. विशेष म्हणजे मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, प्रबंध ज्वलनावर, आणि तरी एकदाही मनात आलं नाही की या माणसांना ती विहीर पेटवण्याचं काही साधं कारण असू शकेल.

पुढे नोकरीच्या निमित्ताने कुवेतलाच आलो. फहाहीलला घर घेतलं. अहमदी हे तेल कंपनीचं गाव इथून जवळ आहे, आणि त्यापलीकडे बर्गान. पहिले काही महिने मी 'हेर्त्सोगच्या ग्रहावर' राहायला आल्याच्या कौतुकात होतो. पण इथे काय दिसणार? कुंपणं, पाइपलाइनी, पाट्या आणि पास दाखवल्याशिवाय आत न सोडणारे पहारेकरी. ते कौतुक लवकरच ओसरलं.

तर परवा माहितीपट पाहिल्यावर तो जुना चित्रपट शोधून काढला आणि आमच्याच इमारतीत राहणाऱ्या काकांना बोलावलं. काका मूळचे खेडचे. १९८४ पासून इथे. ऑगस्ट १९९० मध्ये बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन अम्मानमार्गे मुंबईला आले, आणि मे १९९१ मध्ये, सगळे नातेवाईक वेड्यात काढत असताना, एका कंत्राटदाराकडे फोरमन म्हणून परत गेले. म्हणजे आगी पेटलेल्या असताना ते इथे होते. मला हे मोघम माहीत होतं, पण मी कधी नीट विचारलं नव्हतं. लोकांच्या लग्नकार्याच्या गोष्टी आपण विचारतो, हे राहून जातं.

काकांनी चहा घेत शांतपणे पाहायला सुरुवात केली. पहिल्याच प्रकरणात, शहर वरून दिसतं तिथे, ते म्हणाले,
"अरे, हे तर आपलं कुवेत सिटी. मग हा नाव का घेत नाही?"
"त्याला ते कुठलंच गाव म्हणून दाखवायचं नाहीये, काका."
"असं कसं? गाव आहे ते!"

मी मनात म्हटलं, १९९२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात हेच झालं होतं. हेर्त्सोग सांगतो त्याप्रमाणे तिथे भरलेलं सभागृह त्याच्यावर ओरडत उठलं. तुम्ही भयानकाला सुंदर करून विकताय, असा आरोप होता. त्याने उत्तर दिलं की दान्तेने हेच केलं, गोयाने हेच केलं, ब्रॉइगेल आणि बॉश यांनीही हेच केलं. पुढे १९९९ मध्ये मिनिआपोलिसला त्याने एक जाहीरनामाच वाचला. एक हिशेबनिसाचं सत्य असतं, ते नुसती नोंद ठेवतं, आणि त्याहून खोल असं दुसरं सत्य असतं, जे कल्पनेने आणि रचनेनेच गाठता येतं. मला हे वाक्य विद्यार्थिदशेत फार आवडायचं. हिशेबनीस व्हायला कोणाला आवडतं?

मग ते शेवटाकडचं दृश्य आलं. पलिता, उसळणारं तेल, भडका. हेर्त्सोगचा आवाज, आणि त्याचं ते वेडाबद्दलचं बोलणं. मी काकांसाठी भाषांतर करत होतो. काकांनी कप खाली ठेवला.

"वेड कसलं रे? पेटवावीच लागायची."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मला, ज्वलनावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला, पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. विहिरीची ज्वाला विझली म्हणजे विहीर बंद झाली असं नाही. आतून दाबाने तेल आणि गॅस येतच राहतो. जळत असतो तोवर तो निदान डोळ्यांसमोर जळतो. विझल्यावर गॅस जमिनीलगत पसरतो, वारा नेईल तिकडे जातो, त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. दोनशे मीटरवर दुसरी विहीर जळतच असते. पसरलेल्या गॅसने तिथली ठिणगी पकडली की मधल्या सगळ्या माणसांसकट भडका. शिवाय तेलाचं तळं वाढत जातं आणि यंत्रं जवळ नेता येत नाहीत. म्हणून तोंड बंद करायची पूर्ण तयारी झाली नसेल, तर उसळणारी विहीर मुद्दाम पेटवून ठेवणं जास्त सुरक्षित असतं. ज्याच्या हातात पलिता होता तो त्या मैदानातला बहुधा सगळ्यात शुद्धीवर असलेला माणूस होता.

मी दृश्य मागे घेऊन पुन्हा लावलं. या वेळी त्या दोघांची चाल दिसली. वाऱ्याची दिशा बघून ते बाजूने येतात आणि पेटवल्यावर न धावता, पण न रेंगाळता, मागे सरतात. इतक्या वर्षांत मला हे दिसलंच नव्हतं, कारण मी आवाज ऐकत होतो.

"आणि पाणी कुठून यायचं, हे दाखवलंय का यात?" काकांनी विचारलं.

पाणी दिसतं चित्रपटात, भरपूर. आगीवर सुटलेले फवारे, ओलीचिंब माणसं, वरून पडणारा काळा पाऊस. पण वाळवंटात ते आलं कुठून, हा प्रश्न परग्रहावर पडत नाही. तर त्याची गोष्ट अशी. विहीर बंद करायची तर आधी भोवतालची जमीन थंड करावी लागते, नाहीतर विझवलेली आग तापलेल्या लोखंडाने आणि कोकने पुन्हा धरते. (अर्धवट जळलेल्या तेलाचा दगडासारखा कडक थर विहिरीच्या तोंडाभोवती टेकडीएवढा साठतो, तो कोक.) मग मोडकं तोंड कापायचं, नवं बसवायचं, आणि नव्या तोंडातून जड चिखल आत दाबून विहीर गप्प करायची. या सगळ्या वेळात पाण्याचा मारा चालूच हवा. इतकं पाणी फक्त समुद्रात. आणि समुद्रापासून विहिरींपर्यंत नळ होतेच, फक्त ते उलट दिशेचे होते. विहिरींवरून बंदराकडे तेल नेणाऱ्या त्या पाइपलाइनी साफ करून, जिथे फुटल्या तिथे जोडून, त्यांतून समुद्राचं पाणी उलटं वाळवंटात आणलं आणि विहिरींजवळ खड्डे खणून त्यांत प्लास्टिक अंथरून साठवलं. काका त्या पाइपांच्या कामावर होते. हाताखाली केरळचे, आंध्रचे, फिलिपिन्सचे फिटर. सुरुंग काढलेल्या पट्ट्यातूनच चालायचं. पट्ट्याच्या बाहेर लघवीलाही जायचं नाही, हा पहिला नियम.

"टेक्सासचे ते रेड ॲडेअरवाले आले, की कॅमेरे त्यांच्या मागे. बरोबरच आहे म्हणा, विहिरीच्या तोंडाशी तेच जायचे. पण पाणी थांबलं असतं ना, तर त्यांना परत विमानात बसावं लागलं असतं."

एवढं बोलून काका हसले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट थोडा तोरा होता.

त्या वर्षी इथे आलेला हेर्त्सोग एकटाच कलावंत नव्हता. 'फायर्स ऑफ कुवेत' नावाचा आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यासाठी काढलेला माहितीपटही १९९२ चाच, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. त्यात वेगवेगळ्या देशांच्या तुकड्या त्यांच्या नावांसकट भेटतात. हंगेरीच्या लोकांनी जुन्या रणगाड्यावर मिग विमानाची दोन इंजिनं बसवून, त्यांच्या झोतात पाणी सोडून आग फुंकून टाकणारं यंत्र आणलं होतं. हे खरं आहे, थट्टा नाही. सारा अकबर ही कुवेती पेट्रोलियम इंजिनिअरही त्यात आहे. आक्रमणाच्या काळात ती इथेच राहिली आणि पुढे कुवेतच्या स्वतःच्या तुकडीबरोबर विहिरी बंद करायला मैदानात उतरली. ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादोही आला होता. तेलाने माखून पुतळ्यासारखे दिसणारे कॅनडाचे कामगार त्याच्या फोटोंत आहेत. कुतूहल असेल त्यांनी विम वेंडर्सचा साल्गादोवरचा २०१४ चा माहितीपट पाहावा, त्यात कुवेतचा भाग आहे.

मग मी हेर्त्सोगला खोटारडा म्हणून मोकळा व्हावं का? त्या रात्री चित्रपट तिथेच थांबवला असता, तर कदाचित झालोही असतो. पण काकांनी मला मागे न्यायला लावलं, चित्रपटाच्या मधल्या भागाकडे. तिथे फक्त दोन ठिकाणी हेलिकॉप्टर खाली उतरतं आणि कॅमेरा माणसांसमोर बसतो.

एक बाई आहे. तिच्या दोन तरण्या मुलांना तिच्या डोळ्यांदेखत छळ करून मारलं. त्यानंतर तिची वाचा गेली, असं हेर्त्सोग सांगतो. ती तरी सांगायचा प्रयत्न करते, हातवारे करते, तोंडातून शब्दांचे तुकडे येतात. हेर्त्सोग त्यांचं भाषांतर करत नाही. मध्ये बोलत नाही. दुसरी एक आई लहान मुलाला कडेवर घेऊन बसली आहे. सैनिकांनी त्याच्या डोक्यावर पाय दिला होता, आणि तेव्हापासून तो बोलत नाही. त्या वेळी तो एकदाच बोलला, मला बोलायला शिकायचंच नाही म्हणून, असं ती सांगते. मूल इकडेतिकडे बघत असतं.

पहिल्या बाईचं दृश्य काकांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा लावू का विचारलं तर नको म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आम्ही परत आलो ना, तेव्हा अशी एक बाई बिल्डिंगच्या खाली बसायची. जुन्या ओळखीची. आम्ही तिला सलाम करून पुढे जायचो. थांबायचं धैर्य व्हायचं नाही. हा थांबला."

यावर मी काय बोलणार? मी आखेनमध्ये आगीचे खांब पाहून थक्क झालो होतो. या दोन बाया मला नीट आठवतसुद्धा नव्हत्या, हे लिहिताना लाज वाटते. आयमॅक्सच्या पडद्यावर हंगेरीचं यंत्र मावलं, पण अशा बाईसाठी तिथे जागा नसते. हेर्त्सोगने नावं काढून टाकली, कामाचं कारण काढून टाकलं, नळ उलटे करणाऱ्यांना काढून टाकलं. पण बोलता न येणाऱ्या बाईसमोर कॅमेरा धरून गप्प बसणं त्याला जमलं. झोपेतून उठवून जळतं शहर दाखवलेलं पोर ते, त्याला आगीतलं सौंदर्य दिसणारच. पण इग्लूचा चित्रपट पाहून "यांना बर्फ कळत नाही" म्हणणारं पोरही तेच होतं. कुवेतमध्ये त्याला तेल कळत नव्हतं, आणि ते ओळखायला माझ्यासारखा डॉक्टरेटवाला नाही, पाइपांवरचा फोरमन लागला. पलित्याच्या त्या दृश्याबाबत माझं मत ठाम आहे. ती दोन माणसं खरी होती, कामावर होती, आणि त्यांना वेडं ठरवायचा हक्क कुठल्याही खोल सत्याला नाही. हिशेबनिसाने इथे एक ओळ लिहिली असती तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. हेर्त्सोगचे चाहते म्हणतील, मग तो हेर्त्सोगचा चित्रपट राहिला नसता. म्हणोत.

हिशेबनिसाचा विषय निघाला म्हणून सांगतो, या युद्धाला एक खराखुरा हिशेबनीस मिळाला होता. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये जिनिव्हाला एक नुकसानभरपाई आयोग नेमला. त्याच्याकडे सुमारे २७ लाख दावे आले आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. त्यात कुवेतच्या जळलेल्या विहिरी होत्या, तेलाने माखलेली जमीन होती, आणि 'अ' वर्गात पळून जावं लागलेली साधी माणसं होती. एकट्या माणसाला ठरावीक चार हजार डॉलर, कुटुंबाला आठ हजार, आणि इतर वर्गातही दावा लावला असेल तर त्याहून कमी. भारतातूनही मोठ्या संख्येने दावे गेले. पैसे यायला वर्षं लागली, पण आले.

काकांनी त्या अर्जाची प्रत अजून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर जिन्यात भेटले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवली. नाव, बापाचं नाव, पासपोर्ट नंबर, कुवेत सोडल्याची तारीख, सोबत कोण. "सोबत" या रकान्यात बायकोचं नाव आणि मुलीचं, वय दोन.

"तुझ्या त्या जर्मनाला दाखव," म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ती बाई आहे ना त्यात, तिचं नाव काय रे? कुठे लिहिलंय का शेवटी?"

संध्याकाळी घरी आल्यावर शेवटची श्रेयनामावली थांबवून थांबवून पाहिली. छायाचित्रण, ध्वनी, संगीत, सगळं होतं. तिचं नाव मला सापडलं नाही.